सौरऊर्जेच्या कामावर आमदाराला दुसऱ्यांदा मत द्यावं का?

नेरुळकर
पक्ष कुठलाही असो, ज्या आमदाराने पाच वर्षं सौरऊर्जा लावून धरली, त्याला मी तेवढ्या एका कामावर पुन्हा मत देईन. गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी तिच्यात किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे. 20 किलोवॅटला साधारण दोन हजार चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी 80 युनिट वीज मिळते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा बराचसा खर्च त्यातून सुटतो. अनुदानच 3 लाख 60 हजार होतं! तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय निघाला की कोणी गळतीचं काढतं, कोणी टाकीच्या सावलीचं, आणि ठराव पुढच्या वर्षावर जातो. अशा वेळी चार सोसायट्यांना एकत्र बसवणारा लोकप्रतिनिधी लागतो.

घणसोली गाव
दादा, अनुदान केंद्राचं, नेट मीटरचे, म्हणजे जास्तीची सौर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याचे नियम राज्य वीज नियामक आयोगाचे. मग आमदाराचं काम कुठलं? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला जमिनी दिलेल्या लोकांची गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करा, तो विधानसभेचा विषय आहे. आमच्याकडे एका घरात मजल्यामजल्यावर भाडेकरू राहतात. गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचं. त्याला या योजनेतून काय मिळतं ते सांगा.

वाशी सेक्टर 9
आमच्या इथल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासात चालल्यात. पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल पाडायला काढलेल्या इमारतीवर कोण लावेल? आणि पावसाळ्याचे चार महिने काय करायचं?

नेरुळकर
पावसाळ्याचं उत्तर सोपं आहे. उन्हाळ्यात पावसाची बेगमी करतो तसंच हे आहे: एप्रिल-मेचं जास्तीचं उत्पादन पावसाळ्यातल्या बिलांत वळतं होतं, आणि आर्थिक वर्ष मार्चला संपलं की हिशेब मिटतो. ऑक्टोबरपासूनचं जास्तीचं उत्पादन मार्चपर्यंतच्या बिलांत वळतं होतं. पावसाळ्यात उत्पादन घटतं पण थांबत नाही. वर्षाची सरासरी धरूनच 80 युनिट म्हटलं. पुनर्विकासाच्या इमारतींनी आत्ता लावू नये, नव्या आराखड्यातच गच्ची राखून ठेवायला लावावी.

घणसोलीच्या मुद्द्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, राज्याला त्यात अधिकार आहे. आयोग दर ठरवताना लोकांच्या हरकती मागवतो, तिथे आमदार स्वतः उभा राहू शकतो. सभागृहात लक्षवेधी लावू शकतो. गच्ची नसलेल्या ग्राहकाला दुसरीकडच्या प्रकल्पातला वाटा त्याच्या बिलात देता येतो, त्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज आयोगाने 2019 मध्येच त्याची नियमावली काढली. भाडेकरूच्या बिलापर्यंत ही सोय पोचवणारा आमदार मला हवाय.

घणसोली गाव
मग प्रचारात हेच पहिलं मागा. गावात ज्याच्या नावावर मीटर आहे, त्याच्या बिलात वाटा मिळणार असेल तर आम्ही तुमच्याबरोबर सभेला येऊ. नुसत्या टॉवरच्या गच्च्या दाखवून मत मागायला आला, तर गावात त्याला कोणी विचारणार नाही.