समन्स धुडकावणाऱ्या साक्षीदारावर फौजदारी कारवाई असावी का?

धागाकर्ता: ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या समित्यांना साक्षीदारास समन्स काढण्याचा अधिकार आहे, मात्र तो सरळ ‘येत नाही’ म्हणाला तर त्या अधिकारात किती दम उरतो, हे ब्रेक्झिटच्या बाजूने प्रचारमोहीम चालवणाऱ्या डॉमिनिक कमिंग्ज यांनी दाखवून दिले. खोट्या बातम्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे समन्स त्यांनी २०१८ मध्ये धुडकावले, पुढे खुद्द सभागृहाचा आदेशही पाळला नाही आणि एप्रिल २०१९ मध्ये त्यांना समज मिळाली ती निव्वळ ठरावाने. जुलैमध्ये हेच गृहस्थ पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार झाले! सभागृहाने शेवटचा दंड ठोठावला तो १६६६ मध्ये. सबळ कारणाशिवाय समन्स टाळणे हा गुन्हा ठरवावा आणि त्याचा निवाडा न्यायालयाने करावा, ही विशेषाधिकार समितीची २०२१ ची सूचना मला पटते.

विरोधी मत: मला पटत नाही. १६८९ च्या अधिकारांच्या सनदेनुसार संसदेच्या कामकाजावर न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही. खटला उभा राहिला की आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, ‘हे समन्स मुळात वाजवी होते का?’ आणि समितीच्या बैठकीत काय ठरले याची चिरफाड न्यायाधीशांसमोर सुरू होईल. वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनीही २०११ मध्ये, त्यांच्या वृत्तपत्राच्या फोन हॅकिंगच्या प्रकरणात, आधी ठरलेल्या दिवशी येण्यास नकार दिला होता. समन्स निघताच ते तयार झाले आणि १९ जुलैला समितीपुढे बसले. (त्याच बैठकीत एका निदर्शकाने फेसाने भरलेली थाळी त्यांच्या अंगावर टाकली, हा भाग वेगळा.) त्यासाठी तुरुंगाचा धाक लागला नाही.

धागाकर्ता: मर्डॉक यांना कंपनीची अब्रू सांभाळायची होती. ज्याला जनलज्जेची पर्वा नाही, त्याचे काय करायचे?

तिसरे मत: कमिंग्ज २६ मे २०२१ रोजी महासाथीच्या चौकशीत दोन समित्यांपुढे सुमारे सात तास बोलले, कारण तेव्हा त्यांना बोलायचे होते. ओढून आणलेला माणूस मात्र प्रत्येक प्रश्नाला ‘आठवत नाही’ म्हणेल.

धागाकर्ता: म्हणू द्या, ते उत्तर निदान नोंदीत राहील आणि पुढे कागदपत्रांशी ताडून पाहता येईल. सनदेचा आक्षेप मात्र वजनदार आहे, हे मान्य. न्यायालयाने नेमके काय तपासायचे, हे कायद्यातच बांधून द्यावे लागेल. शिवाय त्याच विषयावर पोलीस तपास चालू असेल तर ते सबळ कारण धरावे, ही अट मीही घालीन.