भाताच्या खाचरात आणि गोठ्यात उंदीर-घुशी, एअरगनने मारून काही फरक पडतो का?

ऐरोली_ते_मुरबाड:
नमस्कार मंडळी. आम्ही राहायला ऐरोलीत, शेती गावाला, मुरबाडच्या पुढे सरळगावच्या बाजूला. भाताची खाचरं, थोडी भाजी आणि गोठ्यात दोन म्हशी, सगळं काका बघतात, मी शनिवार-रविवार जातो. यावर्षी उंदरांनी जाम वैताग दिलाय. पोटरीवर (लोंबी बाहेर पडायच्या बेतात) आलेलं भात बुडाशी तिरकं कापून टाकलंय, ते पण खाचराच्या मधोमध, कडेचं भात जसंच्या तसं उभं, त्यामुळे बांधावरून बघितलं तर काही झालंय असं वाटतच नाही, आत शिरलं की मोठा चट्टा. गोठ्यात तर पेंडीच्या गोण्या फोडतात आणि तिथे जी घूस फिरते तिला बघून आमची मांजर रस्ता बदलते.

आता चुलतभावाने यूट्यूबवर इंग्लंडचे व्हिडिओ बघितलेत, रात्री फार्मवर नाइट व्हिजन लावून बसतात आणि एअरगनने एकामागून एक उंदीर टिपतात. त्याच्या डोक्यात तेच बसलंय, एअरगन घेऊया म्हणतो. काकांना विष नकोच आहे कारण कोंबड्या आणि कुत्रा मोकळे फिरतात. तर कोणी खरंच असं केलंय का, लायसन्स लागतं का, आणि मुख्य म्हणजे उंदीर कमी होतात का की नुसती रात्रीची करमणूक?

दहाचा_ठिपका:
मी ठाण्यात रेंजवर एअर रायफल मारतो, गावाला गोठ्यात उंदीर पण मारलेत, म्हणून बोलतो. आधी कायद्याचं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेतो. पॉइंट २२ एअरगन घेतली किंवा ताकद त्याच्या वर गेली की लायसन्स. त्यामुळे कोणी "भाऊ आतली स्प्रिंग बदलून देतो, डबल पॉवर" म्हणाला तर त्याच्या नादाला लागू नका. आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं मेडल बघून बरेच जण दुकानात जातात, तर त्याचा इव्हेंट ५० मीटरचा, ती पॉइंट २२ ची बारुदाची रायफल, तिला लायसन्स लागतं. आपली एअरगन वेगळी.

आता उंदरावर. आमच्या १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, तो मारणाऱ्याला उंदराचं डोकं म्हणजे काय मोठं टार्गेट, असं लोकांना वाटतं. पण टार्गेट पळत नाही. उंदराच्या डोक्यात जिथे लागलं की जागेवर मरतो तो भाग फार तर एक-दीड इंचाचा, आणि तो सतत हलत असतो. पोटात लागलं तर तो बिळात जाऊन तडफडून मरतो आणि मग आठ दिवस गोठ्यात वास. म्हणून पंधरा-वीस मीटरच्या पुढे मारू नका, उंदीर खायला थांबला की मगच ट्रिगर. आधी त्याच अंतरावर कागदावर झिरो करून घ्या, म्हणजे नेम धरला तिथेच लागेल असं जुळवून घ्या, पाच पेलेट (छर्रे) एका रुपयाच्या नाण्यात बसत नसतील तर उंदरावर मारायचंच नाही. पेलेट गोल डोक्याचे घ्या, सपाट डोक्याचे कागदासाठी ठीक. अजून एक, स्प्रिंगवाल्या गनचा झटका मागे आणि पुढे दोन्हीकडे बसतो, त्यावर साधी दुर्बीण लावली तर महिन्याभरात तिचे तुकडे, एअरगनची म्हणून मिळते तीच लावा. लाल फिल्टरची बॅटरी पुरे, उंदराला लाल उजेड नीट दिसत नाही, नाइट व्हिजनवर पैसे उडवायची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, मागे काय आहे ते बघून मारा. आपल्याकडे गोठ्याला काळ्या दगडाचं जोतं असतं, सिमेंटची गव्हाण असते, त्यावरून पेलेट उलटा येतो. डोळ्याला चष्मा लावा. म्हशीच्या दिशेने तर अजिबात नाही.

शहापूरकर_नाना:
पोरांनो बंदुकीचं राहू द्या बाजूला, आधी उंदीर राहतो कुठे ते बघा. तुम्ही जो तिरका काप आणि मधला चट्टा सांगता ते काम लहान घुशीचं, काळपट, आखूड शेपटीची. ती बांधात राहते, बिळाच्या तोंडावर ताज्या मातीचा ढीग असतो आणि आत गेली की तोंड मातीने बंद करून घेते. बाहेर येते रात्री, उभ्या भातात. तुमचा भाऊ बांधावर बंदूक घेऊन बसणार, तिला भाताच्या बाहेर यायची गरजच नाही, लोंब्या ओढून आत नेते आणि बिळात साठवते. दिसणार काय आणि मारणार काय. इंग्लंडच्या व्हिडिओत उघडं आंगण असतं, इथे कमरेएवढं भात.

आणि मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळेला सहा-आठ पिल्लं, ती दोन-तीन महिन्यांत परत तयार. रात्रीत चार मारलेत तरी बाजूच्या खाचरातनं तेवढे येतातच. मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक आहेत ना, बॅटरी आणि काठी घेऊन रात्रभर फिरतात, एका माणसाला रात्रीला ३० उंदीर मारायचे असतात, तरी मुंबईतले उंदीर संपले का सांगा.

लेस्टर_रिटर्न:
नानांचं पटलं पण व्हिडिओ खोटे नसतात हं. मी कंपनीच्या कामाने लेस्टरला होतो तेव्हा ऑफिसमधला एक जण वीकेंडला फार्मवर रॅटिंगला म्हणजे उंदीर मारायला जायचा, मी पण गेलोय सोबत. तिथे १२ फूट-पाउंड म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंतची एअर रायफल इंग्लंड-वेल्समध्ये लायसन्सशिवाय चालते, स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या शेवटापासून सर्टिफिकेट लागतं. मारायची जागा म्हणजे डुकरांचे शेड, गायींचे शेड, धान्याची गोदामं, हिवाळ्यात बाहेरचं खाणं संपलं की सगळे उंदीर तिथे आत येतात. शेतात कोणी उंदीर मारत बसत नाही. आमिष पण चिकट लावतात, पीनट बटर किंवा चॉकलेटची पेस्ट विटेवर चोपडतात, म्हणजे उंदराला दाणा उचलून पळता येत नाही, जागेवर चाटत बसावं लागतं, तेवढ्यात हा मारतो. आणि आधी दोन-तीन रात्री नुसतं खायला घालतात, कारण उंदीर नवीन वस्तूला लगेच तोंड लावत नाही.

पण गंमत अशी की त्याच शेतकऱ्याने शेडच्या भिंतीला विषाच्या बंद पेट्या पण लावलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला ही पोरं फुकट येतात, चार उंदीर कमी करतात, मला काय हरकत, पण खरं काम पेट्याच करतात. पोरं हौशीने येतात, ती काय पगारी नसतात.

ऐरोली_ते_मुरबाड:
म्हणजे गोठ्यात उपयोग आणि खाचरात नाही असं समजू का? काका रात्री डुकरांच्या राखणीला माळ्यावर असतात आणि शेजारच्या शेतावर पण माणसं असतात, ते आता डोक्यात आलं.

दहाचा_ठिपका:
मग खाचरात बंदूक बंद. रात्री बॅटरीच्या उजेडात भातापलीकडे कोण बसलंय दिसत नाही आणि पेलेट वरच्या दिशेने सुटला तर दीड-दोनशे मीटर सहज जातो. कोणाच्या डोळ्याला लागलं म्हणजे उंदीर राहिले बाजूला, पोलीस स्टेशन आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू.

पिंगळा_वॉचर:
थोडा वेगळा मुद्दा. तुमचा भाग जंगलाला लागून आहे, एअरगन घेऊन रात्री फिरताना वनखात्याचा माणूस भेटला तर तो उंदीर विचारणारच नाही, ससा आणि पक्षी विचारेल. आणि त्याची चूक पण नाही, एअरगनने होले आणि तितर मारणारे सगळीकडे आहेत. अरुणाचलमध्ये २०२१ पासून लोकांनी एअरगन स्वतःहून जमा करायची मोहीम सरकारने चालवली ती याचसाठी. उंदीर आधी वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल ५ मध्ये उपद्रवी म्हणून होते, २०२२ च्या दुरुस्तीत ते शेड्यूलच काढून टाकलं, म्हणून "उपद्रवी आहे, कायद्यात लिहिलंय" हे जुनं उत्तर आता देऊ नका. धामण आणि मुंगूस मारलंत तर सरळ गुन्हा, आणि बिळात उंदराच्या मागे जाणारे हेच दोघं असतात. धामण दिसली की गावात काठ्या निघतात आणि मग उंदीर वाढले म्हणून परत रडतात, काय बोलायचं.

फुकटातला शिकारी हवा असेल तर खाचरात टी आकाराचे बांबू रोवा, भाताच्या वर दोन-तीन फूट येतील असे. पिंगळा आणि गव्हाणी घुबड रात्री त्यावर बसून खाली झडप घालतात. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत तर गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम पेट्या लावतात. लोंब्या पिकायला लागल्या की बांबू काढून घ्या, नाहीतर दिवसा त्यावर चिमण्या आणि पोपट बसतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

लॅबवाली_कळवा:
सगळे मारायचंच बोलतायत, मेलेल्या उंदराचं काय करायचं कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. मी लॅबमध्ये काम करते, पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) टेस्ट किती येतात ते आम्हाला विचारा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टोची केवढी साथ आली होती आठवत असेल. जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात जातो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आपल्यात. भातशेतीत तर आपण दिवसभर त्याच पाण्यात उभे. त्यामुळे मेलेला उंदीर हाताने, शेपटीला धरून, फोटोसाठी वगैरे अजिबात उचलायचा नाही. हातमोजे किंवा पिशवी उलटी करून उचला, विहिरीपासून लांब हातभर खोल पुरा, गोठ्याची फरशी ब्लीचने धुवा. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आधी हे सांगा की उंदरांचं काम केलंय, नाहीतर ते व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देतील आणि तीन-चार दिवस वाया. डॉक्सीसायक्लीन (त्यावरचं अँटिबायोटिक) स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टर ठरवतील.

शहापूरकर_नाना:
ताईंनी बरोब्बर सांगितलं. आता शेताचं सांगतो. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं पायाने दाबून बंद करायची, सकाळी जी परत उघडलेली दिसतील तीच जिवंत, बाकीच्यांवर मेहनत नको. आमच्याकडे झोडणीनंतर कातकरी मंडळी येतात, बिळाचं तोंड आणि माती बघून आत आहे की नाही सांगतात, एका तोंडातून धूर देतात आणि दुसरीकडे पकडतात. उंदीर त्यांचा, बिळातल्या लोंब्याही त्यांच्या. एका बांधात इतकं भात निघतं की बघून पोटात गोळा येतो. त्यांना वेळेत बोलवा आणि मजुरी पण द्या, नुसत्या उंदरांवर भागवू नका.

विष वापरणारे काय करतात ते पण सांगतो, कारण उद्या काकांचा विचार बदलला आणि कोणी दुकानातून पुडी आणून भातात फेकली तर त्यापेक्षा हे बरं. दोन-तीन दिवस नुसतं भरडलेलं धान्य थोडं तेल लावून जिवंत बिळात ठेवायचं, सवय लागते. मग ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड, काठीने कालवायचं, कागदाच्या पुडीत दहा ग्रॅम, बिळात खोल सारायची आणि तोंड बंद. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही, माणसाला पण नाही. म्हणून उघड्यावर कधीच नाही आणि गोठ्यात तर अजिबात नाही. एकदा आजारी पडून वाचलेला उंदीर परत त्याला तोंड लावत नाही, लागोपाठ टाकून उपयोग नसतो, दुसऱ्या वेळेला ब्रोमॅडिओलोनची वडी वापरतात. आपल्या कृषी सहायकाला विचारून करा.

ऐरोली_ते_मुरबाड:
काकांना वाचून दाखवलं सगळं. विषाला अजून नाहीच म्हणतात. कातकरी वाडीवर निरोप दिलाय. भाऊ अजून एअरगनवरच अडून आहे, पण फक्त गोठ्यात आणि तेही मागे पेंढ्याचे भारे लावून, असं ठरलंय. पेंड आता पत्र्याच्या पिंपात भरलीय, दोन दिवसांत गोठ्यातली वर्दळ कमी वाटतेय, म्हणजे आम्हीच त्यांना जेवण वाढत होतो. बांध बारीक केले तर फरक पडतो असं कोणीतरी म्हणालं, खरंय का?

शहापूरकर_नाना:
खरंय. रुंद बांध म्हणजे घुशीचा वाडा. एक फुटाच्या आत ठेवला आणि गवत छाटलं तर तिला बीळ करायला जागाच राहत नाही. पण तुझ्या येण्याजाण्याचे दोन बांध रुंद ठेव, नाहीतर म्हशी खाचरातून नेशील. आणि हे एकट्याने करू नको, शेजारच्या तिघा-चौघांना घेऊन एकाच आठवड्यात कर, लावणीच्या आधी. आता पोटरीत आल्यावर फक्त वाचवता येईल तेवढं वाचवायचं.

दहाचा_ठिपका:
पेंढ्याच्या भाऱ्यांच्या मागे एक जाड फळी पण लाव, पेंढा सैल असेल तर पेलेट आरपार जातो. आणि भावाला सांग बंदूक भरून भिंतीला टेकवून ठेवायची नाही, घरात पोरं असतील.