जिनिव्हात इंटर्नचा दिवस कसा असतो?

रामबागकर, इंदूर: धाकट्या बहिणीला जागतिक आरोग्य संघटनेत इंटर्नशिप मिळालीये. आई खूश, पण झोप उडालीये तिची. तिथे दिवसभर नक्की काय करतात, आणि खर्च भागतो का?

जुनी इंटर्न: अभिनंदन दादा!! मी तिथेच होते. सकाळी मेल, मग मीटिंगचे मुद्दे लिहायचे, तक्ते तपासायचे, संध्याकाळपर्यंत अहवालातला एकच परिच्छेद चार वेळा बदलायचा. पण मे महिन्यात आरोग्य सभा, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांची वार्षिक बैठक भरते ना, तेव्हा पाले दे नासियाँमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या इमारतीत, मागे बसून, कानाला हेडफोन लावून, एखादा चिमुकला देश आपलं म्हणणं मांडताना ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, सहा भाषांत भाषांतर चालू असतं एकाच वेळी. भत्ता 2020 पासून मिळतो, संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात मात्र अजूनही बिनपगारीच, हे मला फार खुपतं, साध्या घरातली मुलं जाणार कशी?

पोहेप्रेमी: खोली आत्ताच शोधा, जिनिव्हा भयंकर महाग आहे. काकूंना सांगा, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे असतं, रात्री साडेनऊला फोन केला तर ती नुकतीच ऑफिसमधून सुटलेली असेल.

रामबागकर: ताई, आईला वाचून दाखवलं. आता मेथीचे लाडू बांधायला घेतलेत.