व्हाईट सॉक्स: उभं पीक मोडून बियाणं घ्यायचं, तर खळं कधी करायचं?

पस्तिसावा स्टॉप

आपल्या शिकागो व्हाईट सॉक्सचा २०२५चा बेसबॉल सीझन संपला. ६० जिंकलो, १०२ हरलो. गेल्या वर्षी ४१-१२१, त्याच्या आदल्या वर्षी ६१-१०१. सलग तीन वर्षं पराभवांची शंभरी. आमच्या घरी शंभरी म्हटलं की सचिन आठवायचा, आता शिकागोत पोटात गोळा येतो.

ज्यांना बेसबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी: सीझनला प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. १९०० नंतर एका सीझनमध्ये कुणीही १२१ सामने हरलेलं नव्हतं. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० होते, तो विक्रम आपण २७ सप्टेंबर २०२४ला डेट्रॉइटमध्ये मोडला. त्याच सामन्याने डेट्रॉइट २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेलं, म्हणजे आपल्या सुतकात शेजाऱ्यांची वरात.

मी हा तमाशा २०१६ पासून बघतोय. तेव्हा आपला मुख्य पिचर (म्हणजे बॉलर) क्रिस सेल बॉस्टनला विकला आणि मायकेल कोपेक, योआन मोंकाडा आणले. पुढच्या वर्षी होसे किंताना थेट शहरातल्याच दुसऱ्या संघाला, कब्जना, देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस आणले. दम धरा म्हणाले, धरला. २०२१ला ९३ जिंकले, डिव्हिजन (आपला पाच संघांचा गट) घेतली. पीक हातातोंडाशी आलं होतं.

तेव्हा काय केलं? २०११ नंतर एकही सामना मॅनेज न केलेले ७६ वर्षांचे टोनी ला रुसा बसवले होते, कारण १९८६ साली त्यांना काढल्याची टोचणी मालक जेरी राइन्सडॉर्फना लागून राहिली होती. सेकंड बेस आणि राइट फील्ड वर्षानुवर्षं उघडंच. मग २०२२च्या डिसेंबरात अँड्र्यू बेनिंटेंडीला पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार, आणि पहिल्या वर्षी होमरन (आपला सिक्सर समजा) पाच! दोनच वर्षांनी मेट्सनी हुआन सोतोला साडेशहात्तर कोटी दिले.

आणि मग पुन्हा विक्री. सीस मार्च २०२४ला सॅन दिएगोला गेला. जुलैत आपण सलग २१ हरण्याच्या मार्गावर होतो तेव्हा त्याने वॉशिंग्टनमध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट दिला नाही. कोपेक डॉजर्सकडे गेला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अख्खं विजेतेपद, जिंकून बसला. पिचर गॅरेट क्रोशे डिसेंबरात बॉस्टनला गेला, यंदा त्याच्या नावावर १८ विजय, ५ पराभव आणि २५५ स्ट्राइकआउट (बॅट्समनला चकवून आउट).

हिशोब बघा: सेल विकून कोपेक आला, कोपेकच्या सौद्यात मिगेल वार्गास आला. आता वार्गास विकून कोण येणार, आणि त्याला विकून कोण? उभं पीक मोडून बियाणं आणायचं, ते उगवलं की पुन्हा मोडायचं. खळं कोणत्या साली करायचं ठरलंय, एवढंच कुणीतरी सांगा.

कलमी आंबा

दादा, दुःखात सहभागी आहे. पण राग आणि हिशोब एकाच वहीत लिहू नका.

क्रोशे २०२४मध्ये ३२ सामन्यांत पहिला पिचर होता, ऑल-स्टार झाला. तरी आपण ४१ जिंकले. ठेवला असता तर अजून दोन वर्षं हाती होता, म्हणजे २०२६पर्यंत. त्या दोन वर्षांत आपण वर्ल्ड सिरीज खेळणार होतो का? आणि त्याच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन २०२२मध्येच झालेलं. पिचरचा हात म्हणजे काचेचं भांडं, शाबूत आहे तोवर बाजार. बॉस्टनने त्याला सहा वर्षांचे १७ कोटी डॉलर दिले, राइन्सडॉर्फ देणार होते का? १० कोटींचा करार या क्लबने आजवर एकालाही दिलेला नाही.

बदल्यात चार आले. काइल टील आणि चेस माइडरॉथ यंदाच मेजर लीगमध्ये उतरले, ब्रेडन मॉन्टगोमेरी अजून यायचाय. एरिक फेडीचं नाव तर तुम्ही घेतलंच नाही. कोरियन लीगमधून दीड कोटीत आणला, चार महिन्यांत वर चढवला आणि नेमका शिखरावर असताना वार्गासच्याच सौद्यात विकला. त्यानंतर त्याचं काय झालं बघा. ते मोडणं नव्हे, बाजारभाव ओळखणं आहे.

झाड वठलं होतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये क्लब चालवणाऱ्या रिक हान आणि केन विल्यम्सना काढलं तेव्हा नवे जनरल मॅनेजर क्रिस गेट्झ यांच्या हातात खोड उरलं होतं. वठलेल्या खोडावर कलमच करावं लागतं. यंदा १९ सामने जास्त जिंकलो, त्याचंही माप पदरात घाला की.

पस्तिसावा स्टॉप

१९ जास्त जिंकून १०२ हरलो. हसू की रडू?

आणि गेट्झना खोडच मिळालं हे मान्य, पण त्यावर बांधलं काय? कॅन्सस सिटीचे जुने ओळखीचे गोळा केले. शिवाय कॅचर (विकेटकीपरसारखा) माल्दोनादोला आणलं, ४८ सामन्यांत अॅव्हरेज .११९. म्हणजे शंभरदा बॅट घेऊन गेला तर बारा हिट. 'कॅचिंग चांगलं करतो' म्हणाले. अहो, बॅट पॅव्हेलियनमध्ये ठेवून आला असता तरी चाललं असतं.

(जेक बर्गरचं प्रकरण मुद्दाम काढत नाही. ते गेट्झच्या आधीचं. २०२३ला विकला, त्या सीझनमध्ये त्याचे एकूण ३४ होमरन. बदल्यात आलेला जेक एडर यंदा निव्वळ रोख पैशांवर सोडून दिला.)

लेगबाय

बेसबॉलमधलं शष्प कळत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंका: एवढा हरणारा संघ खालच्या गटात ढकलत का नाहीत? आपल्या रणजीतसुद्धा प्लेट ग्रुप असतो.

उणे एकवीस

@लेगबाय, इथे मालकांचा क्लब आहे. तीस जण आत बसलेत, दार आतून बंद. कितीही हरा, टीव्हीच्या पैशातला वाटा चुकत नाही.

उलट हरलं की ड्राफ्टमध्ये (नवी पोरं निवडायच्या रांगेत) वरचा नंबर मिळतो असं गणित होतं. ते मुद्दाम हरण्याला चटावले म्हणून खेळाडू-मालकांच्या २०२२च्या करारात वरचे नंबर ठरवायला लॉटरी आणली. आणि त्यातली मेख कलमी आंबा यांनी सोयीस्कर गाळली. जे क्लब मोठ्या बाजारपेठेतले, म्हणजे इतरांना पैसे वाटणारे, त्यांना सलग दोन वर्षं लॉटरीत बसता येत नाही. सॉक्स २०२४ला लॉटरीतून पाचवे आले. म्हणून १२१ पराभवांनंतर २०२५च्या ड्राफ्टमध्ये नंबर कितवा? दहावा! विश्वविक्रमी हरलो आणि बक्षीस म्हणून रांगेत मागे उभं केलं.

नियम आधीपासून छापलेला होता. घर जाळून कोळशाचा व्यापार करायचा तर कोळशाला गिऱ्हाईक आहे का, एवढं तरी बघावं.

कलमी आंबा

गाळला नाही, गैरलागू म्हणून घेतला नाही. ड्राफ्टसाठी कुणी १२१ हरत नाही. तो संघ खराब होता म्हणून हरला, इतकं साधं आहे. आणि हरल्यामुळे एक गोष्ट नक्की मिळाली: रूल फाइव्ह ड्राफ्टमधला (दुसऱ्या क्लबनी राखून न ठेवलेली पोरं उचलायची ती वेगळी रांग) पहिला नंबर. मिल्वॉकीने राखून न ठेवलेला शेन स्मिथ जवळपास फुकटात उचलला, आणि तो पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला. कसलेल्या संघाला असा नवखा पोरगा वर्षभर रोस्टरवर (मुख्य संघाच्या यादीत) ठेवायला परवडत नाही. आपल्याला परवडला.

ब्रिजपोर्टची सून

बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही.

माझं सासर स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर. लग्न होऊन आले तेव्हा मला 'स्ट्राइक' म्हणजे संप एवढंच माहीत होतं. सासऱ्यांनी दोन उन्हाळ्यांत सगळं शिकवलं, रेडिओ लावून, मटार सोलता सोलता. त्यांचं वय आता ७८. २००५ला सॉक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदा, तेव्हा ते त्यांच्या वडिलांच्या थडग्याशी जाऊन स्कोअर सांगून आले होते.

तुम्ही मुलगे टील, माइडरॉथ, मॉन्टगोमेरी करताय, ते सगळं बरोबर असेल. पण प्रत्येक 'पुनर्बांधणी' पाच-सहा वर्षांची. ७८ वर्षांच्या माणसाने अशा किती उधारीवर घ्यायच्या? मागची संपली आणि फळ म्हणून दोन प्लेऑफ मिळाले, २०२०ला ओकलंडकडून तीन सामन्यांत आणि २०२१ला ह्यूस्टनकडून चार सामन्यांत हरून. आणि 'भविष्याकडे बघा' म्हणणारे मालक स्वतः ८९चे. क्लब विकत घेऊ पाहणाऱ्या जस्टिन इश्बियांशी यंदा करार झालाय, पण क्लबचा ताबा लवकरात लवकर २०२९ला जाणार, तोही राइन्सडॉर्फना वाटलं तर.

गेल्या वर्षी २४ सप्टेंबरला आम्ही गेलो होतो. हरलो असतो तर १२१ तिथेच झाले असते. लोक इतिहास बघायला आले होते हो, लग्नाला यावेत तसे. आठव्या इनिंगला सॉक्सनी सामना फिरवला आणि ३-२ने जिंकले. अर्धं स्टेडियम आनंदाने ओरडतंय, अर्धं 'संघ विका' म्हणून ओरडतंय, आणि नीट ऐकलं तर माणसं तीच. सासरे दोन्ही ओरडत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांना गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

माझं म्हणणं साधं आहे. एक तरी माणूस ठेवा, ज्याच्या नावाचा शर्ट पोराला घेतला तर तो शर्ट पोराला लहान होईपर्यंत खेळाडू इथेच असेल. आमच्या धाकट्याकडे सीसचा आहे, थोरलीकडे टिम अँडरसनचा. आता त्यांचा पायपुसण्यासाठी सुद्धा उपयोग करवत नाही.

पस्तिसावा स्टॉप

ताई, दंडवत. मी हजार शब्दांत जे सांगू बघत होतो ते तुम्ही शर्टात सांगितलंत.

क्लीव्हलंडकर

परक्या गल्लीत डोकावतोय, हलकेच घ्या.

तुमच्या १२१ला आम्ही विक्रम मानत नाही. १८९९चे क्लीव्हलंड स्पायडर्स: २० विजय, १३४ पराभव. कारण रोस्टरचंच. मालक रॉबिसन बंधूंनी सेंट लुईसचा संघही घेतला आणि साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले. पुढच्या वर्षी क्लब बंद. तेव्हा रडगाणं आमचं जुनं आहे.

आता मुद्दा. तुम्ही विकण्यावर भांडताय, आणि दोघंही चुकताय. आमचे गार्डियन्स तुमच्याहून लहान गावातले, पैसे काढताना हात थरथरतो, चांगला पिचर तयार झाला की विकतातच. तरी २०२२, २०२४, २०२५ अशी तीनदा तुमचीच डिव्हिजन जिंकली. यंदा तर जुलैत डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होतो, तिथून येऊन. का? एक विकला की मायनर लीगमधून (क्लबच्या खालच्या, पोरं घडवायच्या संघांतून) दुसरा येतो, आणि मधोमध होसे रामिरेझ नावाचा खांब पक्का पुरलेला आहे. त्याला २०२२ला मोठा करार देऊन ठेवून घेतला. सूनबाई म्हणतात तो शर्ट आमच्याकडे आहे.

तुमची खोड वेगळीच. २०१६ला जेम्स शील्ड्स नावाचा उतरणीला लागलेला पिचर हवा म्हणून १७ वर्षांचा फर्नांडो टाटीस ज्युनियर देऊन टाकलात. पीक मोडता ते मोडता, बियाणंही विकता.

कलमी आंबा

टाटीस काढलात, आता बोलायला जागा नाही. :(

पण क्लीव्हलंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मायनर लीगमधून दुसरा येतो कारण तिथे वीस वर्षं मशागत केलीय. गेट्झना जेमतेम दोन झालीत. यंदा वरून काय आलं बघा: कोल्सन माँटगोमेरी ४ जुलैला आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन. वार्गास गेल्या वर्षी .१०४ मारत होता, सगळे हसत होते, मीही हसलो. यंदा तो रोज खेळतोय आणि मारतोय. पोरांना हरण्यात खेळू दिलं म्हणून हे दिसलं.

उणे एकवीस

ठीक. मग समोरचा प्रश्न घ्या. लुइस रॉबर्ट ज्युनियर. २०२६साठी क्लबकडे दोन कोटी डॉलरचा ऑप्शन (तेवढे देऊन त्याला आणखी एक वर्ष ठेवायचा हक्क) आहे. २०२३ला ३८ होमरन, नंतरच्या दोन्ही वर्षी १४-१४. निम्मा वेळ दुखापतीत, तरी यंदा ३३ बेस चोरले. ठेवायचा, विकायचा की सोडायचा? प्रत्येकाने एका ओळीत सांगा, नाहीतर धागा अनंतापर्यंत जाईल.

कलमी आंबा

ऑप्शन घ्या, मग विका. २०२३लाच विकायला हवा होता, तेव्हा भाव होता.

पस्तिसावा स्टॉप

ठेवा. विकून आता जे मिळेल त्याला मोड म्हणतात, भंगारवाल्याकडची. दोन कोटी वाचवून तरी कुणाला देणार आहेत, बेनिंटेंडीच्या धाकट्या भावाला?

ब्रिजपोर्टची सून

ठेवा. (धाकट्यासाठी नवा शर्ट घ्यायचा आहे, दोन महिने थांबले आहे.)

लेगबाय

मला अजूनही काही कळलेलं नाही, पण ठेवा. ताईंसाठी.

कलमी आंबा

भावनेवर मतदान चाललंय, चालू द्या. दादा, पैज लावता? २०२७ला सॉक्स ८१ जिंकले तर तुम्ही मला डेव्हनवर (शिकागोतल्या देसी हॉटेलांच्या रस्त्यावर) जेवू घालायचं. नाही जिंकले तर मी.

पस्तिसावा स्टॉप

लागली पैज. पण डेव्हन नको, तो सगळा कब्जचा मुलूख. कुठे जायचं ते ताईंच्या सासऱ्यांना विचारू, आणि त्यांनाही बरोबर नेऊ. २०२७पर्यंत.

ब्रिजपोर्टची सून

विचारलं. म्हणाले येतो, पण बिल कोण देणार ते आत्ताच माहितीये.