कथा लिहिणाऱ्यांचा ग्रुप सांभाळायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगली, तासगाव, पलूस, विटा इथले आम्ही अकरा जण कथा लिहितो. औदुंबरला संक्रांतीच्या साहित्य संमेलनात ओळखी झाल्या आणि घरी पोचायच्या आत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. पहिले दोन महिने झकास गेले. मग नुसते अंगठे आणि ‘वा, सुंदर!’ एकदा मी मुद्दाम कथेचं मधलं पान गाळून टाकलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही!

खरं दुखणं वेगळंच. एका नवख्या मुलीच्या कथेची एकाने सगळ्यांदेखत चिरफाड केली. वर तिच्या पात्रांची गावाकडची बोली ‘शुद्ध’ करून दिली. अहो, त्या बोलीतच तर कथेचा जीव होता. तेव्हापासून ती गप्पच आहे.

आता ठरवतोय, आठवड्याला एकच कथा, दोन हजार शब्दांच्या आत. काय तपासून हवंय ते लेखकानेच आधी सांगायचं: शेवट, संवाद, की फक्त ‘कंटाळा कुठे आला’. असं कुणी करून पाहिलंय का? न वाचताच दाद देणाऱ्यांचं तुम्ही काय करता? आणि त्या मुलीला मी फोन करावा, की थोडे दिवस जाऊ द्यावेत?