मोबाईलवर ब्राउझरमधलेच गेम बरे, ॲप कशाला?

आसनगाव_फास्ट
रोज आसनगाव ते दादर. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये. फोन ३२ जीबीचा, त्यातली निम्मी जागा व्हॉट्सॲपनेच खाल्लेली. म्हणून गेमची ॲपं काढून टाकली आणि वर्षभर सगळं ब्राउझरमध्येच खेळतोय. बुद्धिबळासाठी लिचेस, डोकं शिणलेलं असलं की सारख्या आकड्यांचे ठोकळे जोडत जायचा २०४८. माझं मत स्पष्ट आहे: एकदा नीट बसवून घेतलं की ब्राउझरमध्येही ॲपइतकंच आरामात खेळता येतं आणि फोन मोकळा राहतो.

बसवून घ्यायचं म्हणजे क्रोमच्या तीन टिंबांत जाऊन साईट होम स्क्रीनवर ठेवायची. ज्या साईटने तशी सोय केली आहे तिथे वरची पत्त्याची पट्टी जाते आणि पट मोठा दिसतो. स्क्रीन फिरणं बंद करा, खेळताना नोटिफिकेशन बंद ठेवा. लिचेस २०१० पासून चालू आहे, पूर्ण फुकट, एक जाहिरात नाही, लोकांच्या देणग्यांवर चालतं. इतकी चांगली गोष्ट एका टॅपवर असताना प्रत्येक खेळासाठी वेगळं ॲप का भरायचं?

रंकाळ्याकाठचा
सहमत नाही भाऊ. लिचेसबद्दल दुमत नाही, पण त्यांचंच फुकट ॲप आहे की! मी महिनाभर ब्राउझरमध्ये तीन मिनिटांचे डाव खेळून बघितले. अगदी उजव्या कडेचा हत्ती बोटाने ओढायला गेलो, फोनला वाटलं मला मागे जायचंय. डाव गायब, मागचं पान समोर. परत येईस्तोवर अकरा सेकंद गेले, आणि जिंकत आलेला डाव वेळेवर हरलो. ॲप बनवणाऱ्याला ती कड राखून ठेवता येते. शिवाय अंगठ्याखाली घर झाकलं जातं, प्यादं कुठे पडलं ते बोट उचलल्यावर कळतं. याला आराम म्हणायचं?

आसनगाव_फास्ट
ओढूच नका. आधी सोंगटीवर टॅप, मग घरावर टॅप. लिचेसच्या सेटिंगमध्ये सोंगटी कशी हलवायची ते निवडता येतं, तिथे ओढणं बंदच करून टाका. उभ्या गर्दीत एका हाताने खेळतो मी, दुसरा हात वरच्या कडीला. कडेचा त्रास त्या दिवसापासून संपला.

अर्धविराम
हे माझं रोजचं काम आहे म्हणून लिहिते. तुम्ही दोघं ब्राउझर विरुद्ध ॲप म्हणून भांडताय, पण खरा दोष गेम बनवणाऱ्यांचा असतो. पूर्वी मोबाईल ब्राउझर एका टॅपनंतर साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा. दुसरा टॅप येतोय का, म्हणजे झूम करायचंय का, हे बघायला. वाचताना कळत नाही, पण उडी मारायच्या गेममध्ये तेवढ्यात खड्ड्यात पडायला होतं. क्रोमने २०१४ मध्ये हे थांबणं काढलं, आयफोनच्या सफारीत २०१६ उजाडलं. आणि तेही मोबाईलच्या रुंदीचं भान ठेवून लिहिलेल्या पानांवरच. पान खाली ओढल्यावर रिफ्रेश होणंही गेमवाल्याला एका ओळीत थांबवता येतं. ती ओळ लिहायचे कष्ट कित्येक जण घेत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. खेळणाऱ्याला वाटतं आपलाच फोन जुना झाला.

एक विनंती: गेम नीट चालत नाही म्हणून ब्राउझरमधलं ‘डेस्कटॉप साईट’, म्हणजे संगणकासाठीचं पान दाखवणारा पर्याय, चालू करू नका. बटणं आणखी बारीक होतात. कीबोर्डच्या बाणांच्या बटणांवर चालणारा गेम असेल तर त्याने काहीच साधत नाही, ब्लूटूथचा गेम कंट्रोलर जोडा. ब्राउझर तो ओळखतो, फक्त गेमने त्याची सोय केलेली हवी.

रंकाळ्याकाठचा
म्हणजे ताई, घोडं तिथंच अडलं. गेमवाला चांगला निघाला तरच ब्राउझर चांगला.

अर्धविराम
ॲपचंही तेच नाही का?

जुना_सायबरकॅफे
शाळेत असताना तासाला वीस रुपये देऊन फ्लॅशचे, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवरचे, गेम खेळलेला माणूस आहे मी. ३१ डिसेंबर २०२० नंतर अडोबी कंपनीने फ्लॅशची देखभाल सोडली, पण रफल नावाच्या प्रोग्रॅममुळे त्यातले बरेच गेम आजही ब्राउझरमध्ये उघडतात. मोबाईलवरही उघडतात. त्यातले बरेच खेळता मात्र येत नाहीत, कारण ते माऊस आणि स्पेसबारसाठी बनले होते. मी हौसेने खूप प्रयत्न केला. त्यासाठी लॅपटॉपच हवा.

मिरजेची_सतार
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. माझी आई ६८ वर्षांची. तिला मी आयफोनच्या सफारीत २०४८ उघडून दिला होता. इटलीच्या गाब्रिएले चिरुल्लीने १९ व्या वर्षी, २०१४ मध्ये बनवलेला तोच. दुपारच्या चहानंतर चष्मा लावून बसायची. बोट चौकटीबाहेरून खाली ओढलं गेलं की पान रिफ्रेश व्हायचं, तेही तिने सांभाळून घेतलं. १०२४ चा ठोकळा झाला होता, दुसरा जवळ आला होता. मग ती वारीला गेली. वाटेत सफारीत बातम्या वाचायची, गेम उघडला नाही. परत आल्यावर उघडला तर पट कोरा. तिने मला विचारलं, “माझं काही चुकलं का रे?” मला काय उत्तर द्यावं कळेना. ॲप असतं तर हे झालं नसतं.

अर्धविराम
त्यांचं काही चुकलं नाही, हे आधी त्यांना सांगा. २०२० पासून सफारीचा नियम आहे: तुम्ही ब्राउझर वापरताय पण एखाद्या साईटला सात दिवस हात लावला नाही, तर तिने फोनवर साठवलेलं पुसलं जातं. आपला माग काढणाऱ्या कंपन्यांना रोखायला केलेला नियम, त्यात गेमचे गुणही जातात. होम स्क्रीनवर ठेवलेल्या साईटचा हिशोब वेगळा असतो, तिला ही कात्री लागत नाही. सफारीत शेअरचं चिन्ह दाबा, त्यात होम स्क्रीनवर ठेवायचा पर्याय (Add to Home Screen) मिळेल.

आसनगाव_फास्ट
मिरजकर, हे मला माहीत नव्हतं. मी आरामासाठी होम स्क्रीन म्हणत होतो, गुण टिकायलाही तीच लागते हे आज कळलं. मूळ धाग्यात भर घालतो.

मिरजेची_सतार
आत्ताच व्हिडिओ कॉलवर आईकडून चिन्ह ठेवून घेतलं, फोनच्या खालच्या ओळीत. पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तासाभराने तिने फोटो पाठवला, २५६ झालाय.