'परायाह'च्या आधीचं पाऊल
कृष्णवर्णीय लेस्बियन नायिका 'परायाह' या चित्रपटापासून (२०११) दिसू लागल्या, असं चित्रपटांच्या एका यादीत म्हटलंय. पण दिग्दर्शिका शेरिल डुन्येचा 'द वॉटरमेलन वुमन' हा चित्रपट १९९६ चा आहे, तो वगळून कसं चालेल? फिलाडेल्फियात व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल (भूमिका दिग्दर्शिकेनेच केलीय) १९३० च्या दशकातल्या एका विस्मृत कृष्णवर्णीय नटीचा माग काढते. नटी काल्पनिक. तिचे 'जुने' फोटोही छायाचित्रकार झोई लिओनार्डने चित्रपटासाठी नव्याने काढलेले, कारण खऱ्या बायकांच्या अशा आयुष्यांची नोंद जपलीच गेली नव्हती. मला हे फार अस्वस्थ करतं. सरकारी अनुदान मिळालं म्हणून अमेरिकी संसदेत यावर टीका झाली. २०२१ मध्ये तोच चित्रपट तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, गेला. 'परायाह' मलाही प्रिय आहे, पण त्या यादीत 'द वॉटरमेलन वुमन' हवाच.